वही उघडी आहे, पण पत कुठे आहे?

परवाच्या शनिवारी गावी गेलो होतो. गाव इंदापूर तालुक्यात. उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं. सोसायटी कापून जे उरलं त्याचं काय करायचं, हा आमच्या घरातला दरवर्षीचा विषय. दादाचं म्हणणं ठिबकच्या नळ्या बदलू. वहिनींचं म्हणणं वरच्या खोलीचा स्लॅब टाकून घेऊ. पुतण्या बारामतीला कॉलेजात शिकतो. त्याने मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "काका, हे बघा. डॉलरमधी बारा टक्के. बँक नाय, एजंट नाय, कुणाच्या सहीची गरज नाय. डीफाय म्हणत्यात याला. तुमी तर याच लायनीतले."

दादाने माझ्याकडे बघितलं. "बोल आता, इंजिनियर."

मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि चहा मागवला. पण गंमत अशी, की हेच सगळं मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर गेली काही वर्षं ऐकतोय. तिथे इंग्रजी जरा बरं असतं इतकंच. आणि तिथल्या प्रत्येक चर्चेच्या शेवटी कोणीतरी एक वाक्य टाकतोच : "यार, डीफायमुळे गावातला शेतकरी सावकारापासून सुटेल." बोलणारा सहसा गेल्या दहा वर्षांत लग्नाव्यतिरिक्त गावी गेलेला नसतो.

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. तुमचे पैसे तुम्ही कुठे लावायचे ही तुमची मर्जी, त्यात मी पडणार नाही. पण शेतकऱ्याच्या नावाने नको. कारण तो प्रयोग आमच्याकडे एकदा झालेला आहे. कॉम्प्युटर नव्हते, एवढाच फरक.

सोलापूर रोडने येताना चौफुल्यावरून आत वळलं की सुपे लागतं. आज ते बारामती तालुक्यात आहे, जिरायत भागात. १२ मे १८७५ रोजी याच सुप्यात आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. लोण इंदापूर, पुरंदर, हवेली, शिरूर आणि नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास माणसं पकडली गेली. सरकारने मग चौकशीसाठी आयोग नेमला, आणि त्या आयोगाला एक गोष्ट फार ठळकपणे दिसली. या लोकांना प्रामुख्याने कागद हवे होते. कर्जरोखे, हुकूमनामे, वह्या. सावकाराने ते मुकाट्याने दिले तर जमाव ते जाळायचा आणि बहुतेक ठिकाणी तिथेच थांबायचा.

माझ्या भाषेत सांगायचं तर लोक डेटाबेस जाळायला आले होते. कारण त्या डेटाबेसची एकच प्रत होती आणि ती सावकाराकडे होती.

मागची गोष्टही थोडक्यात सांगतो. ब्रिटिशांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी जमीनमोजणी सुरू केली आणि सारा तीस वर्षांसाठी ठरवला. तीस वर्षं संपली, १८६७ पासून फेरआकारणी होऊन सारा चढला. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते ६५) इथल्या कापसाला भाव आला होता आणि सावकारांनी हात सैल सोडला होता. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज राहिलं. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षंच चालणार असं ठरलं होतं. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं चढू नये हा. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल, त्याचा नवा रोखा, त्यावर नवा अंगठा. फेडल्याची पावती मिळायची नाही. रोख्यात काय लिहिलंय ते वाचता यायचं नाही.

म्हणजे सुप्याचे प्रश्न दोन होते. पहिला वहीचा : हिशेब कोण लिहितो, आणि तो मला दिसतो का? दुसरा पतीचा : ज्याच्याकडे गहाण टाकायला काही नाही त्याला बियाणाला पैसे कोण देणार, आणि पाऊस नाही पडला तर कोण थांबणार? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबा.

आता डीफाय. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी अगदी बाळबोध सांगतो. ब्लॉकचेन म्हणजे एक वही, जिची प्रत हजारो कॉम्प्युटरवर असते. नवी नोंद सगळ्या प्रतींत होते आणि जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही. २००९ साली बिटकॉइनची वही सुरू झाली. २०१५ मध्ये इथेरियम आलं. त्याच्या वहीत नोंदींसोबत प्रोग्रॅमही लिहिता येतात : अमुक अट पूर्ण झाली की पैसे तिकडून इकडे. मध्ये मॅनेजर नाही, साहेब नाही, जेवणाची सुट्टी नाही. त्यावर २०१७ पासून मेकर, कंपाउंड, युनिस्वॅप, आवे अशी नावं उभी राहिली. कुठे नाणी बदलून मिळतात, कुठे सामाईक डब्यात पैसे ठेवले की व्याज मिळतं, कुठे त्या डब्यातून कर्ज मिळतं. डॉलरला बांधलेली नाणी असतात, त्यांना स्टेबलकॉइन म्हणतात. पुतण्याचे बारा टक्के असल्याच एका डब्यातले होते.

सुप्याच्या पहिल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे, आणि झकास उत्तर आहे. मी प्रोग्रॅमर म्हणून त्याला मनापासून दाद देतो. वही उघडी, प्रत सगळ्यांकडे, खाडाखोड बंद. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात कर्जदाराला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क दिला होता. पासबुक म्हणजे काय, तर वहीची एक प्रत कर्जदाराच्या हातात. डीफाय हे त्या पासबुकाचं पणतू म्हणा हवं तर.

पण दुसऱ्या प्रश्नाचं काय?

डीफायमध्ये कर्ज कसं मिळतं ते बघा. तुम्हाला एक लाखाचं कर्ज हवंय. आधी दीड-दोन लाखांचं इथर त्या प्रोग्रॅमकडे ठेवा, मग एक लाख घ्या. वाचून हसू येतं ना? ज्याच्याकडे दोन लाख आहेत त्याला एक लाखाचं कर्ज! असं का, तर प्रोग्रॅमला तुम्ही कोण ते माहीत नाही. तुमचा बाप कसा होता, मागच्या वर्षी सोसायटी वेळेत भरली का, शेतात विहीर आहे का, हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची सोयही नाही. त्याला फक्त तारण कळतं. आपण ज्याला पत म्हणतो ती त्याच्या वहीत रकानाच नाही. थोडक्यात, हे सोनंतारण कर्ज आहे. चांगलं, वेगवान, चोवीस तास उघडं सोनंतारण कर्ज. त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्या घरात सोनं आहे त्याला सावकाराची भीती नव्हतीच कधी.

आणि तारणाची किंमत पडली की? इथे माझा खरा राग आहे. १२ मार्च २०२०, कोरोनाची घबराट. इथर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडलं. मेकरमध्ये नियम होता : तारण कर्जाच्या दीडपटीखाली गेलं की लिलाव. लिलाव सुरू झाले. त्याच वेळी नेटवर्कवर एवढी गर्दी की बोली लावणारे प्रोग्रॅम अडकले. ज्यांचे चालू होते त्यांनी शून्याची बोली लावली आणि शून्यालाच तारण घेऊन गेले. सुमारे ऐंशी लाख डॉलरचं इथर फुकट गेलं. प्रोग्रॅमने चूक काहीच केली नाही, जे लिहिलं होतं तेच केलं. पुढे नुकसान भरून द्यावं का यावर मतदान झालं. मत कोणाला, तर मेकरचं टोकन ज्यांच्याकडे आहे त्यांना, म्हणजे ज्यांच्या खिशातून भरपाई गेली असती त्यांनाच. निकाल सांगायला नकोच. नाही म्हणाले.

आता हाच नियम आमच्या रानात लावून बघा. आडसाली ऊस सतरा-अठरा महिने उभा असतो. पैसा एकदाच येतो. मध्ये पाऊस दडी मारतो, कालव्याचं आवर्तन लांबतं, हुमणी लागते. असल्या धंद्याला सेकंदात लिलाव करणारं कर्ज चालेल? सोसायटीचं कर्ज थकलं तर सचिव घरी येतो, चार शब्द सुनावतो, नवं-जुनं करून देतो. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली तर पीककर्जाचं पुनर्गठन होतं. कोणीतरी थांबतं. शेतीच्या कर्जात व्याजदराइतकीच महत्त्वाची असते ती ही थांबण्याची सोय. आणि व्याजाचंच म्हणाल, तर महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. आता सांगा, डीफाय कोणत्या शेतकऱ्याला कशापासून सोडवणार आहे?

पतीचा प्रश्न आमच्याकडे सुटला तो १९०४ च्या सहकारी पतपुरवठा कायद्यापासून, तोही हळूहळू आणि अर्धवट. त्या काळच्या गावच्या सोसायटीत जबाबदारी अमर्याद असायची : एकाचं बुडालं तर झळ सगळ्यांना. त्यामुळे कोण फेडणारा आणि कोण उडवणारा हे गावच ठरवायचं. हा ओळखीवर चालणारा कारभार आहे, त्यात वशिला शिरतो, मान्य. पण ज्याच्याकडे तारण नाही त्याला कर्ज द्यायचं तर कोणीतरी त्याला ओळखावंच लागतं. ओळख काढून टाकलीत की उरतं फक्त तारण.

विनातारण कर्ज डीफायमध्येही मिळतं बरं का! त्याला फ्लॅश लोन म्हणतात. अट एकच, ज्या व्यवहारात घेतलं त्याच व्यवहारात परत करायचं. म्हणजे काही सेकंदांत. त्यात बी पेरून बघा :-)

त्या फ्लॅश लोनने काय होतं ते बीनस्टॉक नावाच्या प्रकल्पात दिसलं. एप्रिल २०२२. तिथे निर्णय मतदानाने होत, आणि ज्याची टोकनं जास्त त्याची मतं जास्त. एकाने सुमारे शंभर कोटी डॉलर फ्लॅश लोनने उचलले, त्यातून बहुमत विकत घेतलं, तिजोरी स्वतःच्या नावावर करायचा ठराव पास केला आणि कर्ज फेडून निघून गेला. प्रकल्पाचे अठरा कोटी डॉलर गेले. आमच्याकडच्या कारखान्यांच्या निवडणुका मी बघितल्यात, पॅनेल, गाड्या, जेवणावळी सगळं. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचा छत्रपती, तिथे पाच एकरवाला आणि पन्नास एकरवाला सभासद, दोघांना एकच मत. सहकार कायद्यातलं हे कलम बोअरिंग वाटतं. बीनस्टॉक वाचल्यावर मला ते फार हुशार वाटायला लागलं.

आता पुतण्याचे बारा टक्के. पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा : व्याज येतं कुठून? सुप्याचा सावकार लुटारू असेल, पण त्याचा पैसा बैलाला, बियाणाला, साऱ्याला जायचा. शेवटी रानातून काहीतरी उगवायचं. डीफायच्या डब्यातून कर्ज घेणारे बहुतेक नाण्यांच्या किमतीवर आणखी मोठा डाव खेळायला घेतात. किंवा मग प्रकल्प स्वतःचंच टोकन छापून व्याज म्हणून वाटतो. टेराच्या अँकरमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, आणि 'स्थिर' नाण्यावर होतं. मे २०२२ मध्ये ते नाणं डॉलरवरून घसरलं आणि आठवड्याभरात सगळं कोसळलं. तिथे वही उघडीच होती. बुडणाऱ्यांना आपण बुडतोय हे लाइव्ह दिसत होतं, एवढाच फायदा.

'कोणावर विश्वास ठेवायची गरज नाही' हेही अर्धसत्य आहे. यूएसडीसी हे त्यातल्या त्यात सभ्य स्टेबलकॉइन. मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, त्यात त्यांचे ३३० कोटी डॉलर अडकले आणि एक डॉलरचं नाणं ८७-८८ सेंटपर्यंत खाली आलं. विकेंद्रित म्हणवणाऱ्या निम्म्या दुकानांच्या पोटात गोळा आला, तो एका बँकेमुळे.

आणि अंगठा. डीफायमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला तुमच्या वॉलेटला हात लावायची परवानगी द्यावी लागते. स्क्रीनवर आकडे-अक्षरांची लांबलचक माळ येते, खाली 'मान्य' बटन. कोण वाचतं? डिसेंबर २०२१ मध्ये बॅजर नावाच्या प्रकल्पाच्या वेबसाइटमध्ये कोणीतरी चार ओळी घुसवल्या. लोकांनी नेहमीप्रमाणे 'मान्य' दाबलं आणि सुमारे बारा कोटी डॉलर गेले. शिकलेली माणसं होती ती. दीडशे वर्षांनी आपण पुन्हा न वाचता अंगठा उठवायला लागलोय, फक्त आता शाई लागत नाही. तेव्हा निदान सुप्याला जाऊन दार ठोठावता यायचं. इथे दार कुठे आहे?

माझ्यावर सहकाराचा भाट असल्याचा आरोप होण्याआधी सांगतो, आमच्या संस्था काही देवळं नाहीत. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, त्याआधी ठेवीदारांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. बँकेत निदान पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. माझ्या एका आत्याचे पैसे अशाच एका पतसंस्थेत अडकले होते. संचालकांच्या पाहुण्यांना दिलेली कर्जं बुडाली होती आणि ते कळलं तेव्हा ऑफिसला कुलूप होतं. त्या पतसंस्थेची वही डीफायसारखी उघडी असती तर आत्याला दोन वर्षं आधी कळलं असतं. म्हणून मी डीफायला हसत नाही.

माझं भांडण एवढंच आहे : डीफायवाल्यांनी वही सुधारली आणि पत सुधारल्याची जाहिरात केली. आमच्या सहकारवाल्यांनी पत दिली आणि वही कपाटात ठेवली. तुम्ही-आम्ही पुण्यात बसून कोणती बाजू घ्यायची यावर वाद घालतोय, आणि दोन्हीतलं चांगलं एकत्र करायचं काम कोणीच करत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३ हजार गावसोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. वही संगणकावर जाणं आणि वही सभासदाला दिसणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही प्रोग्रॅमरला सांगायला नको. आणि हक्क तर आजही आहे. ताळेबंद, सभेचं इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या खात्याच्या नोंदी सभासदाला सोसायटीच्या ऑफिसात फुकट बघता येतात, महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात तसं लिहिलंय. बघतं कोण?

असो. रविवारी सकाळी पुतण्याला घेऊन बसलो आणि हे सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्यापेक्षा जरा जास्त शिव्या घालून. करही समजावला : २०२२ च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. तो शांतपणे ऐकत होता. उसाचे पैसे ठिबकला जाणार हे तोवर दादाने ठरवूनही टाकलं होतं.

मग पुतण्याने विचारलं, "काका, ते सगळं पटलं. पण मग आपल्या सोसायटीची वही अशी मोबाईलवर का दिसत नाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादाकडेही नव्हतं, आणि तो तीस वर्षं सभासद आहे. सप्टेंबरात वार्षिक सभा आहे. पुतण्या म्हणाला, मी बाबांबरोबर जाऊन विचारतो. मीही रजा टाकणार आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरच्यांचं नाव गावच्या सोसायटीत अजून आहे, त्यांनी दुसऱ्या एखाद्या डब्यात पैसे टाकायच्या आधी एकदा तिचा अहवाल मागवून वाचा. पत तिथे आहे. वही उघडायला आपण कधी सांगितलंच नाही.